चटईखालचा मानकरी

आमच्या फालेतोलु गावात एसेकिआची बस पकडायची, तर नुसता हात दाखवून भागत नसे. हात दाखवायचा आणि बस जवळ आली की घसा ताणून ओरडायचं, "पुलेफानो, थांबा!" जो नुसता "ए एसेकिआ" म्हणेल त्याच्या तोंडावर धूळ उडवून बस पुढे निघून जाई. पाद्रीबुवांची बायको एकदा सवयीने "एसेकिआ बाळा" म्हणून गेली. तिनेच त्याला रविवारच्या शाळेत अक्षरं गिरवायला शिकवली होती. तरी तिला त्या दिवशी उन्हातान्हात बाजारापर्यंत पायपीट करावी लागली.

पुलेफानो हे काही त्याचं नाव नव्हे. ते पद. आमच्या सामोआत माणसाला आईबाप नाव देतात आणि घराणं पद देतं, आणि पद मिळालं की नाव हळूहळू गळून पडतं. पुलेफानो हे आमच्या गावातलं जुनं, वजनदार पद. गावसभेच्या गोल घरात समोरच्या बाजूचा मधला खांब पुलेफानोचा, त्याला टेकून दुसऱ्या कुणी बसायचं नाही. आवा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं मानाचं पेय, वाटताना तिसरी करवंटी त्याची, आणि ती त्याच्या मानाच्या खास हाळीनेच द्यायची. डुक्कर भाजलं की पाठीचा तुकडा त्याचा. एवढे हक्क, आणि सगळे कायद्याने राखलेले. कुणी आड आलं तर राजधानीत पदांच्या तंट्यांचं वेगळं कोर्टच आहे. तिथे वकिलांना मज्जाव असे. ज्याने त्याने उभं राहून आपल्या पूर्वजांची नावं घडाघडा म्हणायची आणि समोरच्याचे पूर्वज कसे आपल्या पूर्वजांचे पाहुणे म्हणून आले आणि गेलेच नाहीत, ते सांगायचं.

एसेकिआचं अर्धं आयुष्य बिनपदाचं गेलं होतं. बिनपदाच्या पुरुषाने काय करायचं? भट्टी पेटवायची, तारोचे कंद सोलायचे, आणि सभेत आवाची भरलेली करवंटी दोन्ही हातांत धरून एकेका मानकऱ्यापुढे वाकायचं. जन्मभर त्याने इतरांच्या करवंट्या वाहिल्या. एक थेंब सांडला तर म्हाताऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्याच्या बरोबरीची, त्याच्याहून बावळट माणसं एकेक करून खांबाला टेकली आणि हा वाकतच राहिला. त्याच्या पुलेफानोपणाला गावात सगळे हसत, मीही हसलो आहे. पण त्या वाकण्याची आठवण झाली की माझं हसू थोडं आवरतं घेतो.

त्याचा चुलता, म्हणजे आधीचा पुलेफानो, वारला तेव्हा त्याने वारस सांगितला नाही. एसेकिआ म्हणे, शेवटच्या घटकेला काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याचा चुलतभाऊ मनासे, गावातला दुकानदार, म्हणे, बोट दाखवलं ते माश्या हाकलण्यासाठी. पाणी मागितलं ते माझ्याकडे. घराणं दुभंगलं. एकाच शनिवारी, समोरासमोरच्या दोन घरांत, दोन्ही गटांनी आपापल्या माणसाला पुलेफानो केलं. गावसभा दोन्हीकडे गेली आणि दोन्हीकडे तिने तोंड भरून आशीर्वाद दिले, कारण डुक्कर दोन्हीकडे होतं.

मग मनासे कोर्टात गेला. कोर्टाने शहाणपणाचा हुकूम दिला: निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कुणीही हे पद लावू नये, जो लावेल त्याचा दावा बाद; आणि पदाचे हक्क गावाने जसेच्या तसे राखावेत.

आमच्या गावाला काही राखायला सांगितलं की ते राखतंच. सभेत मधला खांब रिकामा राहू लागला. आवा वाटताना हाळी होई, "पुलेफानोंची करवंटी!" मग एक पोरगा गंभीर चेहऱ्याने उठे, खांबापुढे वाके आणि करवंटी खांबाच्या बुडाशी ओती. भाजलेल्या डुकराच्या पाठीचा तुकडा केळीच्या पानावर खांबासमोर मांडला जाई, आणि सभा उठली की कुत्री तो नेत. साऱ्या बेटावर आमच्या खांबाइतका मानपान कुणाला नव्हता. एसेकिआ आणि मनासे दोघं खालच्या अंगाला बसून तारो चघळत आणि त्या तुकड्याकडे बघत.

आता बसचं काय करायचं? "पुलेफानो, थांबा" म्हणायची सोय राहिली नाही, आणि "एसेकिआ, थांबा" ऐकायची त्याची तयारी नव्हती. पण कोर्टाच्या कागदावर त्याला एक नवं नाव मिळालं होतं. लोकांनी म्हणावं, "प्रतिवादी, थांबा!" आणि त्याने झोकात ब्रेक दाबावा. हे ऐकून मनासे कसा मागे राहील? त्याच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणू लागलं, "वादी महाराज, एक साबण द्या." महिन्याभरात आमच्याकडे ही दोन्ही पदं अशी रुळली, की परगावचा पाहुणा विचारी, तुमच्या गावात हा प्रतिवादी जुना मानकरी का?

आणि तारखा? तारीख जवळ आली की दोघांपैकी एकाला नवा पूर्वज आठवे आणि त्याची चौकशी करायला तो पुढची तारीख मागे. कोर्टाची त्यात काही चूक नव्हती. आमच्याकडे पूर्वजांना तोटा नाही.

अशी वर्षं चालली होती, तोवर किरिकिटीचा सामना आला.

किरिकिटी म्हणजे आमचं क्रिकेट: बॅट तीनधारी, गदेसारखी, आणि सगळं गाव मैदानात नाचत. सामना शेजारच्या नुउलोआ गावाशी होता. एसेकिआचा मुलगा फेलेति चांगला फलंदाज. बापासारखाच उंच, डोकंही बापाचंच. नुउलोआचा अलापाती यष्टींमागे उभा राहून अखंड बडबड करत होता. खेळात चिडवाचिडवी चालायचीच. पण त्याने विचारलं, "काय रे फेलेति, तुमच्या घरचं डुक्कर आजकाल खांब खातो म्हणे. खांबाचं उष्टं तरी मिळतं का तुझ्या बापाला?"

सगळं मैदान हसलं. आमचीही माणसं हसली, हे खरं. फेलेति वळला आणि त्याने बॅट चालवली. अलापातीचा जबडा मोडला.

संध्याकाळी निरोप आला. नुउलोआची माणसं सोटे घेऊन जमली आहेत. उद्या उजाडल्यावर फेलेतिला न्यायला येतील. आमच्याकडे यावर उपाय एकच, इफोंगा. अपराध्याच्या घराण्याचा मुख्य मानकरी पहाटेच्या आत जखमी माणसाच्या दारात जातो, सोबत भट्टीचे दगड आणि जळण घेऊन. म्हणजे, हवं तर मला भाजून खा. तिथे जमिनीवर बसतो आणि डोक्यावरून घराण्यातली बारीक विणीची चटई ओढून घेतो. समोरच्या घराचा मानकरी बाहेर येऊन चटई उचलतो तेव्हा माफी झाली. नाही उचलली, तर चटईखालच्या माणसाचं नशीब.

एसेकिआच्या आणि मनासेच्या दाव्यात पुलेफानोचे सगळे हक्क कलमवार लिहिले होते: खांब, करवंटी, डुक्कर, भाषणाचा क्रम, छत्री धरणारा पोरगा. चटईखाली बसायचा हक्क मात्र दोघांनीही लिहायचा राहून गेला होता.

एसेकिआची बायको तिरेसा पेटीपाशी उभी होती. "चटई काढू का?"

"थांब. विचार करू दे."

"कसला विचार? पोराचं डोकं फुटल्यावर करणार का विचार?"

"अगं, चटईखाली पुलेफानोच बसू शकतो. मी बसलो, म्हणजे मी पद लावलं. कोर्टाचा हुकूम मोडला. इतक्या वर्षांचा दावा एका पहाटेत पाण्यात."

"आणि पोरगा?"

 एसेकिआ उठला आणि थेट मनासेच्या दुकानात गेला. मनासे कंदिलाखाली डबे लावत होता.

"मनासे दादा," एसेकिआ म्हणाला. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा 'दादा' म्हणाला. "मी पुष्कळ विचार केला. काकांनी पाणी तुझ्याकडेच मागितलं होतं. मी पाहिलं आहे."

मनासेने डबा खाली ठेवला. "छे छे. बोट तुझ्याकडेच होतं. माश्या नव्हत्याच त्या दिवशी."

"तू थोरला. खरा पुलेफानो तूच."

"मी नुसता दुकानदार रे. रुबाब बघावा तर तुझा. पुलेफानो शोभतो तूच."

"मग उद्या पहाटे तू जा."

"मी जाऊ? हुकूम मोडू? मी वादी आहे भावा, वेडा नाही." मनासेने आवाज खाली आणला. "पोरगा तुझा, तेव्हा जाशील तूच. जा, जरूर जा. पण मी मागे दोन साक्षीदार घेऊन उभा असेन, हे सांगून ठेवतो. अंधारात कळलं नाही म्हणू नकोस."

एसेकिआ घरी आला तेव्हा तिरेसाने चटई काढून ठेवली होती. तिच्या आजीने विणलेली, रेशमासारखी मऊ, कडेला लाल पिसं. जळणाची मोळीही बांधून तयार होती.

"ही लाकडं ओली आहेत," एसेकिआ हात लावून म्हणाला.

"हो. मुद्दाम ओली घेतली," ती म्हणाली. "तुम्ही जाणार नसाल तर मी जाते. मी कुणाची वादी नाही आणि प्रतिवादी नाही. मला कोण बाद करणार?"

 एसेकिआने चटई खांद्यावर टाकली.

उजाडायच्या आत तो नुउलोआत पोचला. जखमीच्या घराण्याचं मोठं घर समुद्राच्या बाजूला होतं. अंगणात त्याने दगड मांडले, मोळी ठेवली, गुडघे मोडून बसला आणि चटई डोक्यावर ओढली. आत त्याला स्वतःच्या घामाचा आणि जुन्या खोबरेल तेलाचा वास येत होता. बाहेर पावलं ऐकू येऊ लागली. सोटे जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. फणसाच्या झाडामागे मनासे खोकला. त्याला पहाटेचा गारवा सोसत नाही. एसेकिआ भ्यायला होता. नंतर त्याने स्वतःच सांगितलं, की तेव्हा बसचा ब्रेक दाबतो तसा पाय आपोआप दाबला जात होता.

मग घरातून जड पावलांनी कुणीतरी बाहेर आलं आणि चटईपुढे थांबलं. "चटईखाली कोण आहे?"

एसेकिआने 'पुलेफानो' म्हटलं तर दावा गेला. 'एसेकिआ' म्हटलं तर बिनपदाच्या माणसाची माफी ही माफी नव्हेच. उलट अपमान, आणि सोटे तयार. जन्मभर बसथांब्यावर नाव ऐकायला आसुसलेल्या माणसाला स्वतःचं नाव सांगता येईना.

"आधी सांगा," तो आतून म्हणाला, "विचारतंय कोण?"

 हे घराणं ओलोमालू या पदाचं. जुनं, मोठं पद. पण उत्तर येईना.

"मी लामेको," शेवटी तो माणूस खाकरून म्हणाला. "ओलोमालूच्या घरात राहतो."

"म्हणजे ओलोमालू तुम्हीच ना?"

"तसं... हो. पण तसं म्हणता येत नाही. चुलत पुतण्याने केस घातली आहे. निकाल लागेपर्यंत पद लावायचं नाही असा हुकूम आहे."

"वादी का प्रतिवादी?"

"प्रतिवादी."

"मीपण," एसेकिआ म्हणाला.

लामेको क्षणभर उकिडवा बसला आणि चटईच्या कडेजवळ तोंड आणून आपुलकीने विचारू लागला, तारीख कधीची आहे, आणि वंशावळ सांगताना मध्येच पाणी पिऊ देतात का. मग त्याच्या लक्षात आलं की सगळं गाव बघतंय, आणि तो पुन्हा कडक चेहरा करून उभा राहिला.

पेच मोठा होता. माफी मागणारा कायद्याने कुणीच नव्हता आणि माफी देणाराही कायद्याने कुणीच नव्हता. सोटेवाल्यांपैकी एक जण पुढे झाला. "मग हाणू का याला?"

"हाण म्हणायचं तर ओलोमालूने म्हणायला हवं," लामेको म्हणाला. "मी कोण म्हणणारा?"

"मग ओलोमालू केव्हा म्हणेल?"

"निकाल लागल्यावर."

सोटेवाले एकमेकांकडे बघू लागले. मग ते झाडाखाली बसले. एकाने उकडलेली केळी आणली. ऊन वर चढलं. चटईखाली भट्टी झाली होती आणि बाहेरची भट्टी मात्र ओल्या लाकडांमुळे पेटायची शक्यता नव्हती. लामेको ना आत जाऊ शकत होता, ना बाहेर थांबू शकत होता. त्याचे पाय दुखू लागले आणि त्याने सावली बघून टेकून घेतलं. हक्कांचं इतकं चोख रक्षण मी दुसरीकडे कुठे झालेलं ऐकलं नाही.

तेवढ्यात अलापातीची आई फिलोमेना मागच्या चुलीकडून आली. हातात पेजेचं भांडं. पोराचा जबडा रात्रीच दवाखान्यात तारेने बांधला होता, तो आता नळीनेच पेज ओढू शकत होता. अंगणाच्या मधोमध चटई बघून ती थांबली.

"अजून तसाच आहे का हा?" तिने दीराला, लामेकोला, विचारलं.

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. कायद्याची बाब आहे."

फिलोमेनाने भांडं खाली ठेवलं आणि ती चटईजवळ आली. "ए, कोण आहेस तू?"

चटई हलली. झाडामागे मनासेने साक्षीदारांना कोपर मारलं.

"पुलेफानो नाही," आतून आवाज आला. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मी पुलेफानो नाही, बाई. एसेकिआ. बस चालवतो. त्या फेलेतिचा बाप."

"तुझ्या पोराने माझ्या पोराची काय गत केली आहे, ठाऊक आहे तुला? जन्मभर वाकडं तोंड घेऊन फिरेल तो."

"ठाऊक आहे." तो म्हणाला. "माझ्यामुळे झालं. माझ्या त्या पदाच्या हौसेवरून त्याला चिडवलं, म्हणून झालं. राग काढायचा तर माझ्यावर काढा. पोराला सोडा."

 फिलोमेनाचा हात वर गेला, आणि तो मारायला उठला का चटईला, हे तिलाही ठाऊक नसावं. मग तिने चटईची कड धरली आणि ओढून काढली. खाली एसेकिआ, घामाने निथळलेला, डोळे मिटलेले, तळहात उघडे.

"ऊठ," ती म्हणाली. "पेज मी भरवते, रात्रभर जागले मी, तर चटईपण मीच उचलते. कोको पिऊन जा. आणि चटई इथेच राहील."

सोटेवाले कुरकुरले. मानकऱ्याशिवाय चटई उचललेली चालते का? लामेको म्हणाला, हरकत घ्यायची तर ती ओलोमालूनेच घ्यायची असते. त्याने डोळे पुसले आणि केळी मागितली.

पुढच्या तारखेला मनासे दोन साक्षीदार घेऊन कोर्टात उभा राहिला; एसेकिआ सगळ्यांदेखत 'मी पुलेफानो नाही' म्हणाला, हे त्यांनी ऐकलं होतं. या वेळी त्याला नवा पूर्वज आठवला नव्हता. एसेकिआला त्याच्या गटाने आदल्या दिवशी घोटून तयार केलं होतं. तोंडाने पद लावलं नाही, म्हणजे हुकूम मोडला नाही. सांग की तोंडाने काहीही म्हटलं तरी मनात मी पुलेफानोच होतो. सांग की नुउलोआने मला पुलेफानो समजूनच सोडलं. मग पद तुझंच; भलं झालं, इफोंगाच पुरावा होईल.

न्यायाधीशांनी विचारलं, "चटईखाली तुम्ही कोण म्हणून बसला होतात?"

एसेकिआने मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर फेलेति बसला होता. त्याच्या पलीकडे, कुणी बोलावलं नसताना, फिलोमेना बसली होती. 'पुलेफानो' म्हटलं की तिला दिलेला शब्द खोटा ठरला, आणि खोट्या शब्दावर उचललेली चटई म्हणजे न उचललेली चटई. खांब, करवंटी, जन्मभराचं वाकणं, सगळं दुसऱ्या पारड्यात होतं. इतकी ओढ माणसाला एका खांबाची लागावी, याचं मला अजून हसू येतं आणि वाईटही वाटतं.

"बाप म्हणून," तो म्हणाला.

"पुलेफानो म्हणून नाही?"

"नाही, साहेब."

घराण्यावर वेळ आली तेव्हा मी पुलेफानो नव्हतो, असं स्वतःच सांगणाऱ्याचा दावा उरला नाही, आणि निकाल त्याच दुपारी लागला. मनासे पुलेफानो झाला. एकटा, निर्विवाद, शिक्क्यासह. बाहेर पायऱ्यांवर त्याच्या गटाने त्याच्या गळ्यात फुलांच्या माळा घातल्या, बायकांनी गाणं म्हटलं. एसेकिआ गर्दीतून पुढे आला, आणि आता रडेल, की भांडेल, म्हणून बायकांनी गाणं थांबवलं. तो वाकला, करवंटी देताना वाकतात तसा.

"अभिनंदन, पुलेफानो."

"अरे, असू दे, असू दे," मनासे उदारपणे म्हणाला. "घराणं एकच आहे आपलं."

"तेच म्हणतो. सगळ्या घराण्याच्या वतीने चटई डोक्यावर घ्यायची ती आता तुम्हीच. आम्हा कुणाला तिच्याखाली बसायचा हक्क नाही. कोर्टाचा शिक्का आहे."

मनासेने गळ्यातली एक माळ सैल केली. "फेलेतिने ते किरिकिटी सोडलं ना आता?"

"छे हो. परवा शनिवारी सामना आहे."

"कुणाशी?"

"नुउलोआशीच," एसेकिआ म्हणाला. "त्यांनी परत बोलावलं आहे."